मावशीच्या काचेवरची घाण

माझ्या मुलीने तो कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी आमटी-भात कालवत होतो. खिशात मावेल एवढा, चंदेरी, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, आणि बटणांच्या कडेने कुणाच्या तरी बोटांचा काळपट मळ साचलेला. "बाबा, बघ ना, कसला झकास पीस मिळालाय," ती म्हणाली. पीस मला दिसत होता आणि मळही दिसत होता. मी तो ताटापासून वीतभर लांब सरकवला आणि पुन्हा हात धुऊन आलो.

मला घाणीचा तिटकारा आहे. घरात यावरून माझी यथेच्छ टर उडवतात. जन्मल्या जन्मल्या मी सुइणीचे हात बघून रडलो असणार, असं मुलगी म्हणते. म्हणू दे. घाटकोपरला आमच्या बाजूला देवनारकडून वारा फिरला की कचऱ्याचा जळका, आंबूस वास थेट स्वयंपाकघरात येतो. अशा ठिकाणी जन्म काढून ज्यांना काही वाटत नाही, त्यांचंच मला नवल वाटतं.

तर तो कॅमेरा. जुन्या वस्तू विकणाऱ्या कुणाकडून तरी तिने घेतला होता. बटण दाबलं की चरचर आवाज करत लेन्स बाहेर यायची, म्हणजे आत कुठल्या तरी समुद्राची वाळू होती. त्याहून वाईट म्हणजे आतल्या मेमरीत आधीच्या मालकाचे फोटो तसेच होते. अर्धा खाल्लेला पिझ्झा. कुणाचं तरी उघडं पोट. आणि वाळूत पसरलेला एक पाय, ज्याच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून वर आलं होतं. माझी मुलगी हसत हसत एकेक फोटो पुढे सरकवत होती.

"पुसून टाक ते," मी म्हटलं.

"का रे? तीच तर गंमत आहे."

मी भात टाकून उठलो.

तिचं म्हणणं असं, की मोबाइलमध्ये सगळे गुळगुळीत प्लास्टिकचे दिसतात आणि या डब्यातून माणसं खरी दिसतात. तिच्या कॉलेजात सध्या सगळ्यांना हेच हवंय. फ्लॅशने पांढरीफटक पडलेली तोंडं, लाल डोळे, घामेजलेली नाकं, मागे काळाकुट्ट अंधार. आम्ही असे फोटो काढले असते तर ज्यांच्या स्टुडिओत मी काम शिकलो त्यांनी प्रिंट फाडून आमच्याच हातात दिली असती. पंचवीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतोय, आणि त्यातली बरीचशी वर्षं माणसं अशी दिसू नयेत म्हणून खपण्यात गेली. आता माझीच पोरगी ती घाण हौसेने विकत आणते.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणी म्हणेल, म्हणून माझ्या बाब्याचंही सांगतो. माझा मोठा कॅमेरा पंधरा-सोळा वर्षांचा आहे. घेतला तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये लोक नवरा-नवरीकडे बघायचे सोडून त्याच्याकडे बघत. पाट्यासारखा जड, शटरचा आवाज खणखणीत, काळोख्या हॉलातही नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपणारा. आजही चालतो. पण त्याच्या पकडीचं रबर आता वितळल्यासारखं चिकट झालंय. माझा घाम, पाहुण्यांचं अत्तर, पंगतीतलं तेल, सगळं त्यात मुरलंय. स्पिरिटने कितीही पुसा, तळहाताला काळं लागतंच. मुंबईच्या दमटपणाने एका लेन्सला आतून बुरशी धरली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कामावर निघण्याआधी मी तो कॅमेरा हातात घेतो तेव्हा क्षणभर अंगावर काटा येतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याची सगळ्यात मोठी खोड धुळीची. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते, आणि दर वेळी बदलताना आत धूळ जाते. आतल्या सेन्सरवर एक कण बसला की त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी एक राखाडी ठिपका उमटतो. स्टेजच्या पांढऱ्या पडद्यावर, आकाशावर, कुणाच्या गालावर. खिशातल्या कॅमेऱ्याला हा त्रास नाही, कारण त्याची लेन्स निघतच नाही. तेवढी एक गोष्ट मी त्याच्या बाजूने मान्य करतो. मग लग्न झालं की मी कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि त्यातला ब्रश घेऊन ठिपके पुसायचो. एका लग्नाचे हजारभर फोटो, प्रत्येकात पाच-सहा ठिपके. हाताला अशी सवय लागली की डोळ्यांना विचारायची गरज उरली नाही. ठिपका दिसला, पुसला. ठिपक्यांच्या ओघात मुरमं, वांग, देवीचे व्रणही जात. गिऱ्हाईक खूश व्हायचं.

यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी आमच्या वरच्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. तेराव्याला आई भेटायला गेली आणि आल्या आल्या पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. आईचं वय ऐंशीच्या पुढे. पन्नासहून जास्त वर्षं मुंबईत काढली, वडील गिरणीत होते तेव्हापासून, पण घरात बोलणार मालवणीच.

"त्येंचो फोटो बघलंस? आधार कार्डावरचो मोठो करून लावलोहा. चोरासारखो दिसता बापडो." ती खुर्चीत बसली. "माजो असो नको. मी जिती आसतानाच काढून ठेव. मी बघतलंय, पसंत करतलंय, आनि मगे तुमी काय ता करा."

असं करणारी ती पहिली नव्हे. आमच्याकडची बरीच म्हातारी माणसं लावायचा फोटो आपणच निवडून कपाटात ठेवतात, कुणी तर फ्रेमसुद्धा करून घेतात. मला त्यात वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की जगाचे फोटो काढणाऱ्याला अखेर आईने काम सांगितलं.

मी सगळं रीतसर केलं. रविवारी सकाळी गॅलरीच्या दाराशी पांढरी चादर लावली, उजेड बाजूने येईल असं तिला बसवलं. तिने जांभळी नऊवारी नेसली, कुड्या घातल्या. आणि मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावताच तिचा पुतळा झाला. ओठ मिटलेले, खांदे वर, डोळे विस्फारलेले. "जरा बोल काहीतरी," मी म्हटलं. "काय बोलू? त्या ठोकळ्याम्होरे माका काय सुचना नाय." चाळीस-पन्नास फोटो काढले. त्यातला एक मला खरंच चांगला वाटला. तो मी कॉम्प्युटरवर घेतला, साफ केला, उजेड सारखा केला, प्रिंट काढली. आई दहा वर्षांनी तरुण दिसत होती.

त्याच आठवड्यात मुलीने तिच्या डब्यातून आजीचा एक फोटो काढला. दाराशी येणाऱ्या कोळणीकडून आईने तांबोशी घेतली होती आणि ओट्याशी उभी राहून ती साफ करत होती. हातात सुरी, कोपरापर्यंत खवले, तोंड अर्धवट उघडं, कारण ती नातीला काहीतरी ओरडत होती. फ्लॅशने कपाळ चकाकलेलं. एक डोळा लाल. उजव्या गालावर माशाचा एक खवला चिकटलेला. मागे बेसिनमध्ये आतड्यांचा लगदा. त्या फोटोला वास होता, अगदी खरा वास.

मुलीने त्याचीही प्रिंट काढून आणली. दोन्ही फोटो आईसमोर ठेवले. माझा फोटो तिने उचलला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"ही कोण?" ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. "आई, तूच."

"मी नाय ही." तिने तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि मासेवाला फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. कपाळावर बोट ठेवलं, मग हनुवटीवर. "होच लाव," ती म्हणाली.

मुलगी टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती. मी चिडलो. मी म्हटलं, भिंतीवर हार घालून माशाची आतडी लावणार का? लोक पाया पडणार त्या खवल्याच्या? जन्मभर मी लोकांना नीटनेटकं करून दिलं आणि माझ्याच घरात हा गलिच्छपणा? आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हवांदे. तुका नाय कळाचा." आणि आत गेली. म्हातारपणी हट्टी होतात माणसं, असं मी मुलीला म्हणालो.

मग दिवाळीची साफसफाई आली. हे खातं माझ्याकडे असतं, कारण दुसऱ्याने केलेली साफसफाई मला पसंत पडत नाही. पंखे, खिडक्या, शेवटी भिंतीवरचे फोटो. आमच्या भिंतीवर दोनच फोटो आहेत. एक वडिलांचा आणि एक मावशीचा. ही मावशी आईची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, मग आमच्याकडेच राहिली. गिरणीतल्या लोकांना खानावळीचं जेवण घालून तिने माझी फी भरली, मला अंगाखांद्यावर वाढवलं. ती गेली तेव्हा मोठा कॅमेरा घेऊन मला वर्ष झालं होतं. एका नात्यातल्या लग्नात तिचा काढलेला फोटो मी मोठा केला. त्या कॅमेऱ्याने काढलेली माझी पहिली मोठी प्रिंट ती.

त्या फोटोची मला दरवर्षी एकच कटकट. काचेवर माश्यांची घाण. वडिलांच्या काचेवर काही नसायचं. मावशीच्याच काचेवर माश्या का बसत देव जाणे. बरोबर तोंडावर, तपकिरी, वाळलेले ठिपके. तीन कपाळावर, एक हनुवटीवर. मला त्याची इतकी शिसारी यायची की मी आधी ओला कागद लावून ते भिजवायचो, मग दुसऱ्या कागदाने खरवडायचो आणि दोन्ही कागद पिशवीत गुंडाळून टाकायचो. यंदाही तसंच केलं. काच लख्ख झाली. स्टुलावरून उतरलो तर मागे आई उभी होती.

"पुसलंस?" ती म्हणाली.

"माश्यांनी घाण केली होती."

"माश्ये खंय इले?" तिचा आवाज चढला नव्हता. "दर वर्सा तू पुसतंस, दर वर्सा मी लावतंय."

ती देवघराशी गेली, काजळाची डबी घेऊन आली. फोटो तिने मांडीवर घेतला. करंगळीच्या टोकाने मावशीच्या दोन भुवयांच्या मध्ये एक ठिपका ठेवला, त्याच्या वर दोन. मग हनुवटीवर एक. काजळ ओलं होतं तोवर काळं दिसत होतं. वाळल्यावर, धूळ बसल्यावर ते तपकिरी होणार हे मला तेवढ्यात कळलं. मी आईच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर तीन, हनुवटीवर एक. हिरवट, जुने, सुरकुत्यांत थोडे फाकलेले. जन्मापासून बघत आलोय मी ते.

आई फोटोकडे बघत बोलत होती. गावात गोंदणारीण आली तेव्हा दोघी बहिणींना एकाच दिवशी, एकाच सुईने गोंदलं. थोरली रडली नाही, म्हणून धाकटीही रडली नाही. "मेल्यार आंगावरचा सगळा काढून घेतत," ती म्हणाली. "बांगड्ये काढतत, कुड्ये काढतत. गोंदण तेवढा वांगडा, सोबतीन येता. ता तू काढलंस. पंदरा वर्सा ह्या भिंतीर ती नाय, कोण दुसरीच बसलीहा. आनि आता माजाय काढलंस. थंय ती माका वळखतली कशी?"

"मला आधी का नाही बोललीस?"

"तू येवढ्या हौसेन केल्लंस. तिच्या मरणाच्या दुक्कात केल्लंस. काय सांगू?"

मी कॉम्प्युटर लावला. आईचा मूळ फोटो उघडला आणि साफ केलेला शेजारी ठेवला. एकात चार ठिपके, दुसऱ्यात पिठासारखं कोरं कपाळ. आईला गोंदण आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते पुसताना मी थांबलो नव्हतो. पुसल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. सेन्सरवरची धूळ आणि माझ्या आईचं कपाळ, हाताने दोन्हीत फरक केला नव्हता. मला स्वतःची किळस आली. त्या पिवळ्या नखाच्या पायाची, माशाच्या आतड्यांची, देवनारच्या वाऱ्याची येते तशीच. उठून हात धुवावेसे वाटले, आणि धुऊन काही होणार नाही हेही कळत होतं.

मग आठवू लागलं. कितीतरी नवऱ्या मुली अल्बम बघताना हळूच म्हणायच्या, "आईच्या कपाळावरचं ते हिरवं काढा ना, बरं नाही दिसत." मी काढायचो. पुढे कुणी सांगायचीही वाट बघितली नाही. कोकणातून आलेल्या, घाटावरून आलेल्या, मुलुंडच्या, भांडुपच्या, बोरिवलीच्या त्या सगळ्या आया. त्यांतल्या बऱ्याच आता नसतील आणि माझेच फोटो मोठे करून त्यांच्या घरात लागले असतील. त्यांच्यासाठी मी काही करू शकत नव्हतो. पण मावशीचं करू शकेन असं वाटलं. जुन्या हार्ड डिस्क काढल्या, अख्खी दुपार शोधलं. फोटो सापडला, पण साफ केलेलाच. मूळ फाइल वेगळी जपायची शिस्त मला तेव्हा नव्हती. मी पुसायचो आणि त्याच फाइलवर जपून ठेवायचो. मावशीचं गोंदण आता जगात कुठेच नव्हतं, आईच्या करंगळीशिवाय.

संध्याकाळी मी मुलीकडून तिच्या कॅमेऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि मासेवाला फोटो मोठा केला. लाल डोळा राहू दिला. चकाकलेलं कपाळ राहू दिलं. त्या चकाकीतही तीन ठिपके ठसठशीत दिसत होते, माझ्या महागड्या लेन्समध्ये दिसले होते त्याहून बरे. आतड्यांचा भाग कापला, तेवढं मला सोसवेना. गालावरच्या खवल्यापाशी हात ब्रशकडे गेला आणि मी तो मागे घेतला. आई शेजारी येऊन बसली होती.

"तो खवलो तेवढो पूस रे," ती म्हणाली. "तो माजो न्हय, तांबोशीचो."

मी तो पुसला. तेवढाच.

दुसऱ्या दिवशी मी मावशीची फ्रेम खाली काढली आणि मागचे खिळे उपटून प्रिंट बाहेर काढली. काचेवर नको, कागदावरच लावू, म्हणजे कायमचं राहील, असं मी आईला म्हटलं. फोटोवर रंग भरायची जुनी बारीक कुंचली आणि न फिकटणारी शाई माझ्याकडे होती. आई म्हणाली, तूच लाव. मला नेमकी जागा कळेना. मग मी आईला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि तिचं तोंड हातात धरून बघितलं. मध्ये कॅमेरा नव्हता. तिन्ही ठिपके मला वाटलं होतं तसे सरळ नव्हते. वरचे दोन थोडे उजवीकडे कलले होते. हनुवटीचा एका बाजूला पसरला होता. थोरलीचा पसरला नव्हता, आई म्हणाली, थोरली हलली नव्हती.

मी चार ठिपके ठेवले. शाई वाळू दिली. मग प्रिंट फ्रेममध्ये घातली, काच बसवली, खिळे ठोकले, आणि सवयीने काचेवरून एकदा कापड फिरवलं. ठिपके जागच्या जागी होते.

"आता काचेच्या आत आहेत," मी म्हटलं. "आता कुणी पुसणार नाही."

आईने फोटो हातात घेतला, मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुज्याशिवाय पुसतलो कोण?" ती म्हणाली.